नळ गळतोय: दुरुस्त करावा की बदलावा?

इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. स्वयंपाकघरात सिंकवरचा पितळी नळ नऊ-दहा वर्षांचा झालाय. बंद केला तरी टपटपतो. वर्षभरात दोनदा वायसर बदललं, दोन्ही वेळा महिना-दोन महिने बरे गेले आणि पुन्हा टपटप सुरू. प्लंबर म्हणतो, नवाच लावा, दीड हजारात काम होईल. सासरे म्हणतात, रामबागेतल्या जुन्या घरातले नळ वायसर बदलून बदलून तीस वर्षं चालले, हा तुम्हाला लुबाडतोय. आता ऐकायचं कुणाचं?

ताई, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण दोघांनीही नळ उघडून आत पाहिलेलं दिसत नाही. वर्षात दोनदा वायसर गेलं याचा अर्थ दोष वायसरचा नाही. दुसरं काहीतरी त्याला खातंय. ते शोधल्याशिवाय तिसरं वायसर घालणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि नवा नळ आणणं ही घाई.

सगळ्यात आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. हे सांगायला विचित्र वाटतं, पण ‘नळ गळतो’ म्हणून मला बोलावतात तेव्हा बऱ्याचदा घरातल्या कुणीही ओला भाग कोरडा करून पाहिलेला नसतो. नळ बंद करा, जुन्या धोतराचा तुकडा घेऊन सगळा नळ पुसून काढा आणि दहा मिनिटांनी बोट फिरवा, मग नळ चालू करून पुन्हा बघा. पाणी तोंडातून येत असेल तर आतलं बंद होणं बिघडलंय. मुठीखालून, म्हणजे नळ चालू असतानाच दांड्याच्या बाजूने पाझरत असेल तर ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवतीच्या नटाखालचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, म्हणजे रबराचं कडं गेलं आहे. हे दहा-वीस रुपयांचं काम आहे, त्यासाठी नळ बदलायला सांगणाऱ्याला घरी पाठवा. फिरणाऱ्या लांब मानेच्या बुडाशी पाणी जमत असेल तर तिथेही ओ-रिंगच. भिंतीजवळ ओल असेल तर आट्यांवरची टेप ढिली झाली आहे. नळ निर्दोष आहे. आणि नळाच्या अंगावरच, कुठलाही जोड नसलेल्या ठिकाणी थेंब धरत असेल, तर ओतकामातच बारीक छिद्र किंवा चीर आहे. त्यावर एम-सील फासून चार दिवस निघतात, पाचवा निघत नाही. तो नळ बदलायचाच.

एक खोटी गळतीही असते. उंच वाकड्या मानेचा नळ किंवा डोक्यावरचा शॉवर बंद केल्यावर मिनिटभर, कधी जास्त वेळही थेंब टाकतो, कारण मानेत अडकलेलं पाणी हळूहळू उतरतं. थोड्या वेळाने थांबलं तर दुरुस्त करायला काहीच नाही. रात्री नळाखाली कोरडं भांडं ठेवा, सकाळी खरं काय ते कळेल. मोजायचंच असेल तर तासभर पेला ठेवून बघा. तासात 200 मिलीलिटर जमलं तर दिवसाला 4.8 लिटर, महिन्याला साधारण 144 लिटर. सात महिन्यांत हजार लिटरची अख्खी टाकी गटारात. जे पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर पंपाने चढवून आपल्याकडे आणतात आणि बऱ्याच भागांत एक दिवसाआड सोडतात, त्याचा हा हिशोब आहे. म्हणून ‘थेंबच तर आहे’ म्हणून वर्ष काढू नका. पण उद्याच धावाधाव करायचीही गरज नाही, आठवडाभर थांबता येतं.

तुमच्या वर्णनावरून पाणी तोंडातून येतंय आणि नळ जुन्या पद्धतीचा, दोन-तीन वेढे फिरवून बंद होणारा आहे असं धरतो. आता तो उघडायचा. सिंकखाली अँगल कॉक, म्हणजे फक्त त्या नळाचं पाणी बंद करणारा छोटा वॉल असेल तर तो बंद करा, नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा वॉल. (हा वॉल वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो. आधी तो फिरतो का ते बघा. जाम असेल तर पहिलं काम त्याचं.) मग नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या आणि सिंकच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू तिथेच जातो. मुठीवरची छोटी टोपी पेचकसच्या टोकाने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. त्याखालच्या षटकोनी भागाला कापड गुंडाळून पान्याने फिरवा, म्हणजे क्रोमवर ओरखडे येत नाहीत. स्पिंडल बाहेर येईल, त्याच्या टोकाला वायसर असेल.

ते वायसर उजेडात नीट बघा. त्यावर गोल खळगा पडलेला असणारच. सगळीकडे सारखा असेल तर ते नुसतं वापराने झिजलंय. पण एका बाजूला खळगा खोल असेल किंवा एकाच जागी चिरल्यासारखी खूण असेल, तर गुन्हेगार खाली बसलाय. नळाच्या पोटात, जिथे वायसर जाऊन टेकतं, तिथे पितळेची गोल कड असते. तिला सीट म्हणतात. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि त्या कडेवरून सावकाश एक फेरा द्या. कड गुळगुळीत असेल तर काडी घसरत जाते. खाच असेल तर तिथे कापसाचे तंतू अडकून ओढले जातात. मोबाईलचा टॉर्च लावलात तर खाच डोळ्यांनाही दिसते, बारीक काळसर रेघ.

ही रेघ पाणीच पाडतं. वायसर थोडं जुनं झालं की थेंब गळायला लागतो, मग आपण नळ जोरात पिळतो. आपल्या घरांमध्ये नळ ‘घट्ट’ बंद करायची जी सवय आहे तिने अर्धे नळ मारले आहेत. पिळल्याने वायसर कडेत रुततं, एका जागी फट राहतेच, आणि त्या फटीतून दिवसरात्र पाण्याची बारीक धार जाते. त्यात रेतीचा कण असला तर पितळ कापलं जातं. एकदा सीट कापली की नवं वायसर त्याच खाचेवर बसतं. रबर मऊ असतं म्हणून महिनाभर खाच भरून काढतं, नंतर कडक होतं आणि पुन्हा टपटप. तुमच्याकडे दोनदा हेच झालंय अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

सीट कापली म्हणून नळ मेला असंही नाही. सीट कटर नावाचं साधं हातयंत्र असतं. स्पिंडलच्या जागी ते बसवून हलक्या हाताने चार-सहा फेरे दिले की कड पुन्हा सपाट होते. जुन्या कारागिरांकडे ते असायचं, हल्लीच्या पोरांच्या पिशवीत क्वचित दिसतं. म्हणून ते सरळ नवा नळ सुचवतात. लबाडीच असते असं नाही, अवजार नसतं आणि वेळही नसतो. प्लंबरला एवढंच विचारा: ‘सीट कटर मारून देशील का?’ त्याच्या चेहऱ्यावरून पुढचं कळेल. खाच खूपच खोल असेल तर मात्र कटरने पितळ इतकं जातं की कड पातळ होते. तेव्हा नाद सोडावा.

जुन्या नळात अर्ध्या किंवा पाव वेढ्याचा सिरॅमिक स्पिंडल, म्हणजे वायसरऐवजी सिरॅमिकच्या चकत्यांनी पाणी अडवणारा, बसवून देतो, असं काही जण सांगतात. बसतो, पण आट्या जुळल्या तरच, आणि त्या स्पिंडलच्या तळाचं रबरही त्याच सीटवर टेकतं. सीट खराब असेल तर तोही गळणार. आधी सीट, मग स्पिंडल.

आता तुमच्या सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येतो. जुने नळ तीस वर्षं चालत, कारण त्यांत पितळ भरपूर असायचं, भिंत जाड असायची, सीट दोन-तीनदा घासली तरी पुरून उरायची. आजच्या स्वस्त नळाची भिंत पातळ, त्यात घासायला जागा नाही. म्हणून सासऱ्यांचं म्हणणं नळाच्या वजनावर अवलंबून आहे. तुमचा नळ हातात घेतल्यावर भरीव वाटतो का? वाटत असेल तर दुरुस्तीवर खर्च करा. हलका, खुळखुळीत असेल, क्रोम पापुद्र्यासारखं निघून खाली पांढरी भुकटी दिसत असेल, तर तो जस्ताचा आहे आणि प्लंबर बरोबर आहे. इथे चुंबक लावून काही कळत नाही, पितळ आणि जस्त दोन्हींना चुंबक चिकटत नाही. चुंबक चिकटला तर फक्त एवढंच कळतं की आत लोखंड आहे, आणि मग तर विचारच नको.

पितळालाही रोग लागतो. काही पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि सच्छिद्र तांबं मागे उरतं. नळ बाहेरून चकचकीत दिसतो, पण आतून पिवळ्याऐवजी लालसर-गुलाबी होतो आणि ठिसूळ बनतो. स्पिंडल काढला आहेच, तर पेचकसच्या टोकाने आतल्या आट्या थोड्या खरवडा. पिवळी चमक आली तर अंग जिवंत आहे. गुलाबी भुकटी पडली किंवा आट्या तुटून आल्या तर वायसर, सीट सगळं विसरा. असा नळ एखाद्या दिवशी पान्याच्या झटक्याने मधूनच तुटतो, आणि टाकी भरलेली असली तर स्वयंपाकघरात तळं होतं.

पाण्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण इंदूरला एकाच घरात दोन प्रकारचं पाणी असतं. नर्मदेचं पाणी त्या मानाने मऊ, पण लाइन दुरुस्त झाली की गाळ-रेती येते. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या पाषाणातून येतं, बहुतेक ठिकाणी जड असतं, आणि बादलीच्या कडेला, गीझरमध्ये, नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतं. पाणी तपासून घेतलंत तर अहवालात कठीणपणाचा आकडा बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमच्या टाकीत बोरिंगचं जड पाणी जात असेल तर कुठलाही नळ, कितीही महाग, मऊ पाण्यावरच्या नळाइतका टिकणार नाही. अशा घरात मी दुरुस्तीजोग्या नळाला पसंती देतो, महागाला नाही.

पाण्याचा दाबही बघा. गच्चीवरची टाकी नळापासून तीन मीटर उंच असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.3 किलो असतो. घरात नुकताच प्रेशर पंप बसवला असेल तर तो त्याच्या कितीतरी पट दाब देतो, आणि कालपर्यंत गप्प असलेले सगळे जुने नळ एका आठवड्यात बोलायला लागतात. दोन-तीन नळ एकदम गळायला लागले तर नळांना दोष देण्याआधी पंपाचा दाब कमी करून बघा.

पण दुरुस्त की नवा हे ठरवताना लोक ज्याचा विचारच करत नाहीत, ती गोष्ट भिंतीच्या आत आहे. नळ बदलायचा म्हणजे जुना आट्यांमधून फिरवून काढायचा. घर जुनं असेल, आत जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पाइप असेल, तर त्या आट्या गंजून एकजीव झालेल्या असतात. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर समजा आत गंज आहे. पान्याने जोर लावला की कधी नळाऐवजी भिंतीतला एल्बो, म्हणजे वळणाचा जोड फिरतो किंवा निपलचा, म्हणजे आट्यांच्या छोट्या जोडनळीचा तुकडा आत राहतो. मग टाइल फोडा, प्लास्टर फोडा, आणि त्या रंगाची टाइल आता कुठेच मिळत नाही! हजार रुपयांच्या नळाचं काम आठ-दहा हजारांवर जातं ते असं. म्हणून रामबाग, नारायणबाग, मल्हारगंजातल्या जुन्या वाड्यांत आणि घरांत, नळाचं अंग धड असेल तर मी दुरुस्तीकडे झुकतो. स्पिंडल, वायसर, सीट, ग्लँड, सगळं भिंतीला हात न लावता होतं.

नव्या घरांत बहुधा सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप असतो, पितळी आट्यांच्या एल्बोसकट. तिथे नळ सहज निघतो, पण नवा लावताना जास्त पिळला तर एल्बो भिंतीच्या आत तडकतो आणि ते महिनाभराने खालच्या खोलीच्या छतावर दिसतं. टेप नीट गुंडाळावी आणि हाताने जितका जाईल त्यापुढे पान्याने एक-दीड फेरा, बस. नळ पुरेसा आत जात नसेल तर जोर न करता मध्ये एक्स्टेंशन निपल लावावा. तो प्लंबरकडे असतोच.

पैशांचं गणित साधं ठेवा. वायसर पाच-दहा रुपयांचं, सिरॅमिक स्पिंडल शे-दीडशेपासून पुढे, बरा पितळी नळ सहाशेपासून दोन हजारांपर्यंत, आणि प्लंबरची मजुरी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. सुटा भाग आणि मजुरी मिळून नव्या नळाच्या निम्म्याहून जास्त होत असेल, आणि नळ सात-आठ वर्षांपेक्षा जुना असेल, तर मी नवा घ्यायला सांगतो. निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्ती. हा हिशोब भिंतीत लपलेल्या, गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळाला मात्र लागू नाही. तिथे कार्ट्रिज, म्हणजे आतला पाणी उघड-बंद करणारा भाग दीड-दोन हजारांचं आलं तरी तेच बदला, कारण दुसरा पर्याय भिंत फोडणं आहे. आणि घरात त्या मिक्सरचं बिल शोधा. मोठ्या कंपन्या काही वर्षांची हमी देतात, कार्ट्रिज फुकटही मिळू शकतं. बिल बहुधा गॅसच्या पुस्तकाजवळच्या फाइलमध्ये असतं, कुणी बघत नाही.

प्लास्टिकच्या नळांवर वेळ घालवू नका. गळला की फेकायचा, नवा लावायचा. पण गच्चीवर, अंगणात, रिकाम्या प्लॉटवर मी स्वतः प्लास्टिकच लावतो, कारण तिथला पितळी नळ रात्रीतून चोरीला जातो.

सिंगल लिव्हर किंवा पाव वेढ्याच्या नळाचं तंत्र वेगळं. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकांवर घासतात. त्या फार कठीण असतात, सहसा झिजत नाहीत. बिघडतं ते त्यांच्याखालचं रबर, किंवा चकत्यांमध्ये रेतीचा कण अडकतो. म्हणून नर्मदा लाइनचं काम झाल्यानंतर असा नळ गळायला लागला तर लगेच सुटे भाग आणू नका. स्पिंडल काढा, वॉल किंचित उघडून नळाच्या अंगातून पाणी बादलीत वाहू द्या, स्पिंडल स्वच्छ धुवा, परत लावा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. रबराला गाडीचं ग्रीस किंवा खोबरेल लावू नका, रबर फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस. नवा स्पिंडल आणायला जाताना जुना खिशात घालून न्या. लांबी, वरचे दाते आणि कुठल्या बाजूला बंद होतो हे तिन्ही जुळलं पाहिजे. गरम आणि थंडचे स्पिंडल उलट दिशांचे असतात, तोंडी सांगून आणलेला बहुतेक वेळा चुकीचा निघतो.

आता तुमच्या नळाचं. प्लंबरला पुन्हा बोलवा, पण वायसर बदलायला नाही, नळ उघडून सीट दाखवायला. नळ वजनदार असेल, आट्या पिवळ्या असतील आणि सीटची खाच उथळ असेल, तर कटर मारून नवं वायसर घाला. पुढची चार-पाच वर्षं सासरेबुवा जिंकले. सीट खोल कापलेली असेल किंवा खरवडल्यावर गुलाबी भुकटी पडली, तर नवा घ्या. सुदामानगरमध्ये तुमचं घर जुनं, जीआय पाइपांचं असेल, तर नवा नळ लावायच्या आदल्या रात्री जुन्याच्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा आणि सकाळीच काम काढा. काही तुटलं तर दुकानं उघडी हवीत.

नवा घेताना चमक बघू नका. हातात घेऊन वजन बघा, आयएसआयचा शिक्का बघा, आणि दुकानदाराला विचारा की याचा स्पिंडल सुटा मिळतो का. मिळत असेल तर एक तेव्हाच विकत घेऊन स्वयंपाकघराच्या खणात ठेवा. नाही म्हणाला तर तो नळ कितीही सुंदर असो, दुसरा बघा. सियागंजात फिरलात की पर्याय मिळतो. आणि काढलेला जुना नळ प्लंबर सवयीने आपल्या पिशवीत टाकतो, तो मागून घ्या. पितळ भंगारातही किलोच्या भावाने जातं, तुमच्या नव्या स्पिंडलचे थोडेफार पैसे त्यातून सुटतात.